वाघळांचं वेबिल

"आज सगळी लायनीत गेली वाटतं."

अण्णा एवढंच बोलले आणि कागदाची पट्टी माझ्या हातात परत दिली. तारीख 31 मे 2020, रविवार. चौथ्या लॉकडाउनचा शेवटचा दिवस. ओटीवरचा दिवा मिणमिणत होता, बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं आणि मानेवरचा घाम पुसायचाही कंटाळा यावा असा उकाडा. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख एप्रिलची होती, ती लॉकडाउनमध्ये गेली ती गेलीच. त्यामुळे त्या दिवसांत ते पट्टी बोटाने वाचायचे. तर्जनी या टोकापासून त्या टोकापर्यंत, भोकाभोकावरून सावकाश. त्या दिवशीही तशीच फिरवली आणि मग ते वाक्य. मी "हो ना" असं काहीतरी पुटपुटले आणि आमटीला फोडणी द्यायला आत पळाले. फोडणी करपली. ते वाक्य मात्र अजून जसंच्या तसं कानात आहे, आणि ते सहज म्हटलेलं होतं की नाही हे पाच वर्षं मला ठरवता आलेलं नाही.

भोकांचं आधी सांगायला हवं. अण्णा एसटीत कंडक्टर होते. खेड-दापोली, दापोली-मंडणगड, मग शेवटची काही वर्षं मुंबईची रात्रीची गाडी. 2006 साली निवृत्त झाले तेव्हा तिकिटाची यंत्रं यायची होती. काखेत पेटी, बोटांत पंच आणि गुडघ्यावर वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, असा तो जमाना. डेपोत स्वतःचा पंच जमा केल्यावर त्यांनी कुठूनसा दुसरा मिळवला. कुठून ते मी विचारलं नाही. घरी बसल्या बसल्या उगाच टिकटिक करत राहायचे. मोजण्याची सवय तर हाडात मुरलेली. लग्नाला गेले की पंगतीतली पानं मोजणार, मयताला गेले की माणसं मोजणार आणि घरी येऊन आईला आकडा सांगणार. आई म्हणायची, त्यांना किती रडले ते विचारू नका, किती आले ते विचारा.

2018 च्या मे महिन्यात केरळात निपाह विषाणूची साथ आली. कोझिकोडच्या बातम्या टीव्हीवर दिसायला लागल्या आणि प्रत्येक बातमीत उलटं लटकलेलं वटवाघूळ. आमच्या गावात देवरहाटीतल्या, म्हणजे देवराईतल्या, बेहड्यांवर वाघळांची वस्ती आहे, ती अण्णांच्या आजोबांच्याही आधीपासून. (दापोली तालुका एवढंच सांगते, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) तोवर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आता अचानक ग्रामसभेत विषय निघाला. त्याच सुमाराला दापोलीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम गावोगावी फिरून अशा वस्त्यांची नोंद ठेवणारी माणसं शोधत होत्या. पैसे नाहीत, प्रमाणपत्र नाही, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी जायचं आणि झाडावरून उडून जाणारी वाघळं मोजायची. अण्णांनी विचारलं, किती वाजता सुटतात? मॅडम म्हणाल्या, सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी. "म्हणजे टायमावर आहेत," अण्णा म्हणाले, आणि काम घेतलं.

मॅडमनी टॅली काउंटर देऊ केला होता, तो त्यांना पटला नाही. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो, पण चुकून दोनदा दाबलं गेलं तर पुरावा काय? म्हणून पंच. दुकानातल्या हिशेबाच्या मशिनला लागतो तसा कागदी रोल, त्याची हातभर पट्टी फाडायची. दहा वाघळं गेली की एक भोक. मान वरच राहते. कागदावर लिहायचं तर मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की पाच-पंचवीस फुकट निसटतात. घरी आल्यावर भोकं मोजायची, आकडा वहीत लिहायचा, पट्टी तिथेच डिंकाने चिकटवायची. अशा पट्ट्यांची वही चाळायला घेतली की प्रत्येक संध्याकाळ वेगळी दिसते. सुरुवातीची भोकं विरळ, कारण पहिली दहा जायला वेळ लागतो. मग एकदम लोंढा सुटतो आणि भोकं एकमेकांवर चढतात, कधी कडेला फाटतात. मग पुन्हा विरळ. शेवटची दोन-तीन तर बोटभर अंतराने. खरी पट्टी कधीच सरळ नसते.

देवरहाटी आमच्या घरापासून चढणीवर वीस मिनिटं. आत पाच मोठे बेहडे, एक वड, सातविणी, काजऱ्याची झाडं, आणि मधे देवीचं बिनखिडकीचं देऊळ. जवळ जायच्या आधी वास येतो. उग्र, थोडा कस्तुरीसारखा, थोडा आंबलेल्या फळासारखा. पहिल्या दिवशी नाकाला पदर लावावासा वाटतो आणि चौथ्या महिन्यात त्या वासाने बरं वाटायला लागतं. मग आवाज. वटवाघूळ दिवसा झोपतं असं ज्यांना वाटतं त्यांनी दुपारी दोन वाजता इथे यावं. किरकिर, भांडणं, एकाने सरकायचं म्हणून दुसऱ्याने ओरडायचं, अगदी रातराणी गाडीची मागची सीट. उन्हात ती एका पंखाने स्वतःला वारा घालत असतात. शेकडो काळे पंखे मंद हलताना बघितले की आपल्यालाही गार वाटतं. आणि एक गोष्ट बघून मला लहान मुलीसारखं हसू आलं होतं: त्यांना शू करायची झाली की उलटं वाघूळ सुलटं होतं. अंगठ्याच्या नख्यांनी फांदी धरायची, पाय सोडायचे, काम उरकायचं आणि पुन्हा उलटं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बेहड्याची पानं झडतात तेव्हा सगळं उघड्यावर. तांबूस मान, कोल्ह्याचं तोंड, आणि मोठे काळेभोर डोळे. घराच्या वाशांत लपणारी लहानखुरी पाकोळी, म्हणजे छोटं वटवाघूळ, आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढते. ही मोठी वाघळं डोळ्यांवर आणि नाकावर चालतात. "आंधळं वाघूळ म्हणतात आणि दिसत मला नाही," हा अण्णांचा त्या वर्षीचा आवडता विनोद होता.

मी मार्च 2020 मध्ये पुण्याहून पंधरा दिवसांसाठी आले आणि राहिले. एप्रिलची मोजणी आम्ही दोघांनी केली. मी आकाशाकडे बघून "दहा" म्हणायचं, अण्णांनी पंच मारायचा. लेकुरवाळ्या माद्या दिसायच्या, पिल्लू पोटाशी घट्ट. मी विचारलं, हे एक धरायचं की दोन? "पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नाही," अण्णा म्हणाले. मॅडमचीही सूचना तीच होती, कारण पिल्लू जड झालं की आई त्याला झाडावरच ठेवून चरायला जाते आणि मग मोजणार कसं? त्या महिन्याचा आकडा 650. लहानपणी आम्ही वाघळाने उष्टावलेला पेरू मुद्दाम शोधून खायचो, तोच गोड असतो म्हणून. आता ते करायचं नाही हे मलाही कळतं, पण तो पेरू फेकून देताना हात अजून अडखळतो. काजूच्या दिवसांत रात्रभर बोंडं खाऊन वाघळं बिया एका जागी टाकतात. सकाळी बायका त्या ढिगावरून बिया गोळा करून आणतात. दुसऱ्याच्या बागेतली बी वाघळाने आपल्या झाडाखाली टाकली तर ती कुणाची, यावर गावात भांडणं झालेली आहेत आणि वाघळाला कुणीही साक्षीला बोलावलेलं नाही.

मे महिन्यात अण्णांना चढण झेपेना. मी एकटी गेले.

देवरहाटीच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे कातळाचं पठार, सुरू होतो आणि गावात मोबाइलची रेंज फक्त तिथेच धरते. खरं तर फोन घरी ठेवायचा होता. ऑफिसात त्या आठवड्यात कपातीची कुजबुज होती, म्हणून ठेवला नाही. साडेसातच्या सुमाराला पहिलं वाघूळ सुटलं. ते नेहमी एकटंच निघतं, एक घिरटी घेतं, जणू बाहेर कसं काय आहे ते बघून येतं. मग दुसरं, तिसरं, आणि मग खाडीच्या दिशेने ती रुंद, घाई नसलेली रांग. चार-साडेचार फूट पंख आणि आवाज जवळजवळ नाहीच. डोक्यावरून अगदी खाली आलं तरच ओलं फडकं झटकल्यासारखं ऐकू येतं. आकाश जांभळट झालेलं. भोकं पडत होती. लोंढा नुकताच सुटला होता आणि फोन वाजला. पुण्याची मैत्रीण. तिला यादी कळली होती, यादीत माझं नाव होतं. मी काय बोलले ते आठवत नाही. किती वेळ बोलले तेही नाही. फोन खिशात टाकला तेव्हा आकाश रिकामं होतं, आणि झाडांवर फक्त मागे राहिलेल्या पिल्लांची किरकिर. पट्टीवर सत्तावीस भोकं.

घरी येऊन सरळ सांगता आलं असतं. अण्णा रागावलेही नसते. पण त्या रात्री "मोजणी चुकली" हे वाक्य तोंडातून काढलं असतं तर त्याच्या मागून बाकीचं सगळं बाहेर आलं असतं, आणि ते मला ओटीवर नको होतं. मागच्या दाराने आत शिरले, चुलीजवळ बसले, आणि गेल्या महिन्याच्या आसपास येईल अशा बेताने भोकं पाडत गेले. चौसष्टाला थांबले. 640. दहा कमी, म्हणजे खरं वाटेल. इतका विचार केला आणि एवढं लक्षात आलं नाही की बसून पाडलेली भोकं सारख्या अंतरावर पडतात.

तीन दिवसांनी, 3 जूनच्या दुपारी, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागलं. वादळाला हे नाव कुणी का दिलं असेल! आमच्याकडे सकाळपासूनच कौलं उडायला लागली होती. आम्ही दोघं माजघरात, दाराला पाट आणि पाटाला पाठ लावून. अण्णा प्रत्येक झाडाचा आवाज ओळखत होते. "ही पोफळ. ही पण पोफळच. हा रायवळ गेला." मग वरच्या अंगाकडून लांबलचक, कुणीतरी मोठं कापड टरकावत नेल्यासारखा आवाज आला, आणि त्यावर अण्णा काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट अशी नव्हतीच. झाडांवरून चढून जावं लागलं. पाचांतले दोन बेहडे मुळासकट आडवे, नेमके सगळ्यात मोठे. एक सातवीण मधोमध चिरलेली. जिथे वर्षानुवर्षं भर दुपारी अंधार असायचा तिथे लख्ख ऊन पडलेलं. फांद्यांखाली वाघळं होती. पंख मिटलेली, पंख मोडलेली, आणि पिल्लं, इवल्या तोंडांची. हात लावायचा नाही हा मॅडमचा नियम होता, काठीने पानं बाजूला करत मी आणि शेजारचा मुलगा मोजत राहिलो. त्रेचाळीस दिसली. खाली दबलेली किती, कुणास ठाऊक. जिवंत होती ती उरलेल्या तीन बेहड्यांवर आणि वडावर दाटीवाटीने लटकलेली, उन्हात, एकमेकांना पंख मारत. ओरडत मात्र नव्हती. एवढ्या वाघळांची शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती आणि त्यानंतरही नाही.

त्या जूनमध्ये सगळेच मोजत होते. टीव्ही चालू असता तर रोज संध्याकाळी कोरोनाचे आकडे आले असते, पण कित्येक आठवडे वीज नव्हती. पंचनाम्याला माणसं आली, त्यांनी पोफळी मोजल्या, माड मोजले, उडालेले पत्रे मोजले. आमच्या वाडीतल्या एकशे दहा पोफळींतल्या एकोणीस उभ्या होत्या. मेलेल्या वाघळांचा वास गावात उतरला तेव्हा घबराट झाली. खड्डा खणून, चुना टाकून ती पुरली, तरी दोन-चार तरुण हटून बसले की उरलेलीही हाकलायची, फटाके लावून. कोरोना वटवाघळातून आला हे तर शाळकरी मुलांनाही पाठ झालेलं. एकाची आजी उलट म्हणत होती, हाकलू नका, दम्यावर औषध असतं ते. दोन्ही ऐकून कपाळाला हात लावायची वेळ. अण्णा काठी टेकत देवळाशी गेले आणि म्हणाले, देवरहाटीत फटाके वाजवायचे तर आधी देवीला कौल लावा. गुरवाने कौल लावला. देवीने फटाक्यांना परवानगी दिली नाही. गुरव अण्णांचा चौथीपर्यंतचा वर्गबंधू आहे, हे इथे नोंदवून ठेवते, निष्कर्ष काढत नाही.

28 जूनला पावसाने उघडीप दिली आणि आम्ही मोजलं. 290.

फोन सुरू झाल्यावर मॅडमचा फोन आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या वस्त्यांची त्या चौकशी करत होत्या. काही ठिकाणी झाडंच उरली नव्हती, काही ठिकाणी नोंद ठेवणारी माणसं स्वतःच्या छपराच्या मागे होती. मी आकडा सांगितला. त्या क्षणभर थांबल्या आणि मग त्यांचा आवाज एकदम उजळला. "म्हणजे तुम्ही वादळाच्या आधी तीन दिवस मोजलं होतं? अहो, असा आकडा कुणाकडेच नाही. किती होती?" सड्यावर वारा सुटला होता. मी म्हटलं, सहाशे चाळीस. त्यांनी तो आकडा मोठ्याने उच्चारत लिहून घेतला. उणे दोनशे नव्वद, म्हणजे साडेतीनशे, असं त्या पुटपुटल्या तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. चुलीजवळ बसून पाडलेल्या भोकांतून वाघळं जन्माला आली होती आणि वादळात मेली होती.

त्यानंतर बरंच झालं. अण्णांची ऑपरेशनं झाली, दोन्ही डोळे स्वच्छ. डोळ्यांवरची पट्टी काढल्यावर त्यांनी आधी मला "वाळलीस" म्हटलं आणि मग वही मागितली. पहिल्यापासून एकेक पान बघत गेले. मेच्या पानावर इतर पानांपेक्षा जास्त थांबले की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. 2021 च्या जूनमध्ये पुण्याच्या विषाणू संस्थेची बातमी आली, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा सापडल्याची. ती गुहेतली वाघळं वेगळ्या जातींची, पण गावात पुन्हा फटाक्यांची भाषा सुरू झाली, आणि तेव्हापासून मी कुठेही लिहिताना गावाचं नाव गाळते. मग 2023 च्या एप्रिलपासून वन्यजीवांच्या कायद्यातली ती जुनी यादी गेली, जिच्यात उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला फळं खाणारी वटवाघळंही उपद्रवी म्हणून बसवलेली होती. आता त्यांना संरक्षण आहे असं मॅडमनी कळवलं. "म्हणजे इतकी वर्षं विदाउट तिकीट होती तर," अण्णा म्हणाले. मला दुसरी नोकरी मिळाली, घरून करता येण्यासारखी. वाघळं हळूहळू वाढतायत. एका मादीला वर्षाला एकच पिल्लू, त्यामुळे हळूहळूच. मध्ये एक विजेच्या तारांवर चिकटून राहिलं होतं, पंख एका तारेवरून दुसरीवर टेकले की खेळ खलास. ते पावसाळाभर तसंच वाळत होतं, काळ्या चिंधीसारखं. तेही मी वहीत लिहिलं. खोट्या आकड्यानंतर मी फार काटेकोर झाले होते. कुणी कर्ज फेडावं तसं.

गेल्या दिवाळीत मॅडमना सांगून टाकलं. फोनवर नाही, मेसेजवर, भ्याडासारखं. 31 मे 2020 ची मोजणी अर्धवट आहे, सत्तावीस भोकांनंतर फोन आला, पुढची मी घरी पाडली. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बरं. 270 लिहून पुढे 'अपूर्ण' असा शेरा मारते." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जो दुर्मीळ आकडा कुणाकडेच नव्हता, तो आता खरंच कुणाकडे नाही.

अण्णांना सांगायला आणखी सहा महिने लागले. ते आता सत्त्याहत्तरचे आहेत, देवरहाटीत येत नाहीत, पण शेवटच्या रविवारी मी परत येईपर्यंत जेवत नाहीत. या मे महिन्यात मी आले, पट्टी दिली, आणि ती वाचून होईपर्यंत बाजूला उभी राहिले. मग सगळं सांगितलं. फोन, यादी, चूल. त्यांनी ऐकलं. वही मागितली, पान काढलं. डोळे आता चांगले आहेत, तरी त्यांनी ते मिटले आणि तर्जनी पट्टीच्या डाव्या टोकावर ठेवली. विरळ भोकं, मग दाट, एकमेकांवर चढलेली. बोट सावकाश सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"इथवर गाडी होती," ते म्हणाले.

मी त्यांच्या नखापर्यंतची भोकं मोजली. बत्तीस. पुन्हा मोजली. "सत्तावीस होती, अण्णा. मी तेव्हा मोजलेली."

"सत्तावीसनंतरची पाच बघ. वेडीवाकडी आहेत. बसून पाडलेली अशी नसतात."

मी पट्टी दिव्याखाली धरली. ती पाच खरंच तिरकी होती, त्यातली दोन कडेला फाटलेली. फोन मी डाव्या कानाला धरते. उजव्या हातात पंच होता. त्या सगळ्या वेळात मी आकाशाकडे बघत होते की नव्हते, ते काही केल्या आठवेना.

अण्णांनी वही मिटून फळीवर ठेवली आणि पाट ओढला. "रोल संपत आलाय," ते म्हणाले. "दापोलीला गेलीस की आण. जाड कागदाचा बघ, मागचा फार फाटत होता."